दाजीकाकांचं कंबोजातलं देऊळ

आमच्या शेजारचे दाजीकाका कोणत्याही देवळात गेले की आधी खांबावर टिचकी मारत, बाजारात मडकं घेताना मारतात तशी. मग म्हणत, "कंबोजातल्या त्या देवळाफुडं हे म्हंजे चुलीचा दगड. बात खतम!"

निजामाचा अमल होता. देगलूरला तेव्हा हैदराबाद बघून आलेला माणूससुद्धा भाव खायचा. काका तर हैदराबादच्या एका लाकडाच्या सौदागराचे बावर्ची होऊन ब्रह्मदेश, सयाम आणि त्याही पुढं कंबोजात, म्हणजे आताच्या कंबोडियात, जाऊन आले होते. तिथं रानात त्यांनी ख्मेर राजांचं पडकं देऊळ पाहिलं.

"झाडाच्या मुळ्यांनी भिंत अशी धरून ठिवलीया, जशा सासूनं किल्ल्या!"

"आन् पूजा कोण करतं?" गुरव डिवचायचा.

"माकडं. दक्षिणा मागत न्हाईत."

बारसं असो की बारावं, ते देऊळ निघायचंच. मी सून होऊन आले आणि महिन्याभरात कंटाळले. सासूबाईंना विचारलं, "ह्यान्ला दुसरं काई सुचत न्हाई का वो?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. काका निघाले तेव्हा काकू पोटुशी होती. तिनं ट्रंकेत एक खण ठेवला. म्हणाली, वाटेत देवी दिसली तर माझ्या नावानं ओटी भरा. काकांनी त्या देवळात भिंतीवरच्या एका दगडी बाईची ओटी भरली. परत आले तर काकू बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. गुरवानं विचारलं, मूर्ती कशी होती? काका खरं बोलले. नाक तुटलेलं होतं. "खंडित मूर्तीची ओटी भरली! मग दुसरं काय व्हणार?" गुरव चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून काका दगड अखंड आहे का बघायला टिचक्या मारत होते.

मला ते पटलं नाही. बाया बाळंतपणात मरतात. त्याला दगडाचं नाक तुटावं लागत नाही.

पुढच्या वर्षी मला सातवा महिना होता. गावाबाहेर पडक्या देवळात नाक आणि हात तुटलेली एक देवी होती. तिला कुणी कुंकू लावत नसे. सासूबाईंना न सांगता मी खण-नारळ घेतला आणि काकांना सोबतीला नेलं. मी ओटी भरायला बसले तसे काका ओरडले, "अगं पोरी, ऊठ! खंडित हाय ती!"

"तुमची व्हती तशीच हाय. बघू काय व्हतंय ते."

त्या दिवसापासून काका रोज दारात. "पाय सुजले का? चक्कर येती का?"

शेवटी सासूबाई वैतागल्या. "दाजी, पोटुशी ती हाय का तुमी?"

मुलगी झाली. काका उंबऱ्याबाहेरच थांबले.

"नाक?"

"शाबूत," मी आतून म्हटलं.

"हात?"

"शाबूत. आवाज ऐका की!"

पोरगी आवाज आढ्याला भिडेल अशी रडत होती. काका पायरीवर बसले. मला वाटलं, आता कंबोजातल्या झाडाच्या मुळ्या निघणार. पण नाही. म्हणाले, "तुज्या काकूचा खण हिरवा व्हता, पोरी. मी नीट पसरला व्हता."