चौदा पायऱ्या आणि एक तांब्या

दात घासणे ही क्रिया चौदा पायऱ्यांची आहे, हे मानवजातीला फार उशिरा कळलं. तोपर्यंत लोक नुसतेच दात घासत होते.

तानसा तलावाच्या काठच्या पाड्यावर राहणाऱ्या सावळीलाही हे ठाऊक नव्हतं. तिची सहा वर्षांची लेक मनस्वी सावकाश शिकणारी. बोलणं थोडं, हाताची पकड सैल. दर गुरुवारी अशा मुलांसाठीच्या अभियानाच्या रोशनीताई घरी शिकवायला यायच्या. त्यांनी दाखवल्याप्रमाणे सावळी रोज लेकीच्या पाठीशी बसे, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवी. ब्रश निसटू नये म्हणून तिने दांड्याला चिंधी गुंडाळली होती. पहिले दोन महिने मनस्वीने ब्रश फक्त चावला. (तीन ब्रश कामी आले.) नवव्या महिन्यात एका सकाळी सावळीने हळूच मूठ काढून घेतली, आणि ते लेकीच्या लक्षातही आलं नाही. आता ती एकटीच तांब्या कलंडून ब्रश भिजवी, घासे, चूळ भरे, नि उरलेलं पाणी मिरचीच्या रोपाला घाली.

इतकी प्रगती नोंदीविना पडून राहणं बरं नव्हे, म्हणून अभियानाने शहापुरात मूल्यमापन शिबिर ठेवलं. दात घासण्याचा चौदा पायऱ्यांचा छापील तक्ता होता आणि नियम अत्यंत न्याय्य होते. सातपेक्षा कमी पायऱ्या जमल्या, तर मूल शिकत नाही. सबब ताईंची भेट बंद. चौदाही जमल्या, तर मूल शिकून झालं. सबब भेट बंद. अधलीमधली मुलं चालू. झग्याची बटणं लावायला शिकवणं अजून बाकी होतं, म्हणून सावळीला सात पायऱ्या हव्या होत्या. जास्तीचा लोभ नव्हता.

पायरी पहिली: नळ उघडणे. सभागृहात पाणी नव्हतं. पण अभियान दूरदृष्टीचं, त्यामुळे लाकडी फळीवर ठोकलेला चकचकीत नळ सोबत आणलेला होता. (नळामागे फळी, फळीमागे भिंत.) आधीच्या मुलांनी तो फिरवला, कोरडा ब्रश खाली धरला आणि टाळ्या मिळवल्या. मनस्वीनेही फिरवला. मग ती थांबली. वाकून नळात डोकावली. पुन्हा थांबली. ब्रश भिजल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, हे शिकायला तिला दोन महिने लागले होते.

"पाणी आलंय असं समज, बाळा," मूल्यमापक दीपेश सर म्हणाले.

मनस्वीने आईकडे पाहिलं.

"सर, तिला तांब्या द्या. समदं करते ती."

"तक्त्यात तांब्या नाही हो ताई. घरी नळाची सवय लावायची ना."

"आमच्याकडं नळ नाय. पाइप जातो दारावरनं. मुंबईला."

सरांनी सहानुभूतीने मान हलवली (तिला रकाना नव्हता) आणि लिहिलं: 'एक पायरी पूर्ण. पुढचं सुचत नाही. काल्पनिक पाण्याचं आकलन शून्य.'

गुरुवार बंद झाला. त्या रिकाम्या गुरुवारी मनस्वीने दात घासले, मिरचीला पाणी घातलं. मग सावळी तिच्या पाठीशी बसली आणि झग्याचं पहिलं बटण तिने दोघींच्या बोटांत धरलं.

राहता राहिली चौदावी पायरी: नळ बंद करणे. ती पाड्यावर तपासता येत नाही, तुमच्याकडे येईल. उद्या सकाळी तुमच्या तोंडात ब्रश असेल आणि समोर नळ वाहत असेल. तेवढ्यात मनस्वीचे सात तांबे भरतात. पण काळजी नसावी. पाणी कुठून येतं हे ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी तक्ता अजून निघालेला नाही. तुम्हाला उत्तीर्ण धरलं आहे.