झोपलेले ठोकळे

आमच्या शेजारचे शिवाप्पामामा लाकडाला दार असल्यासारखं वाजवतात. विटेएवढा ठोकळा घ्यायचा, ओसरीतल्या फळ्यांच्या भिंतीला टेकवायचा, बोटानं टकटक करायचं आणि मान तिरकी करून विचारायचं, "कोण हाय आत?" मग वाट बघत बसायचं.

उत्तर आलं की करवत सुरू. ते उत्तर आम्हाला कधी ऐकू येत नाही, मामांना येतं. नाही आलं, तर ठोकळा परत मांडणीवर. "झोपलंय अजून. कच्च्या झोपेत उठवलं की डबी चिडकी निघती."

अहमदपूरच्या मोंढ्यात मामांनी जन्मभर धान्य मापलं. म्हातारपणी लोक देवदेव करतात, मामांनी लाकडी डब्या करायला केसासारख्या पात्याची विजेची करवत आणली. मोडक्या पलंगाचा पाय, जुन्या चौकटीचा तुकडा, त्यांना काहीही चालतं. आधी ठोकळ्याची पाठ पातळ कापून काढायची, मग पोटातून वळणं घेत खण कापायचा, तो पोखरायचा आणि पाठ पुन्हा चिकटवायची. सगळं एकाच लाकडातलं, त्यामुळं खण बंद केला की रेषेला रेष जुळते. खणाला मूठ नाही, एक बोट जाईल एवढं भोक. मूठ का नाही विचारलं तर म्हणतात, "एका हातानं उघडाया पायजे."

दुपारी ओसरीत उन्हाच्या पट्ट्यात भुसा तरंगत असतो, करवत गुणगुणत असते. तिथं बसलं की मला गॅसवरचं दूध आठवत नाही. किती वेळा उतू गेलंय.

माझी लेक सायली नांदेडला होस्टेलला निघाली, तेव्हा तिला कानातल्यांसाठी मामांची डबी हवी होती. मी सागाचा ठोकळा नेऊन दिला. टकटक. "झोपलंय." दुसऱ्या दिवशीही झोपलंय. मांडणीवर ठोकळ्यांची रांग वाढत गेली, करवत गप्प. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मामा, लाकूड हाय ते, कुंभकर्ण न्हाई!"

मामा हसले नाहीत. "उठंल गं पोरी," एवढंच म्हणाले.

मामींना लकवा झाल्यापासून उजवी बाजू आणि वाचा गेलेली, त्यात आता ताप. त्यांच्यासाठी मऊ खिचडी घेऊन मी मागच्या दारानं आत गेले. फळ्यांच्या भिंतीला लागूनच त्यांची खाट. उशाशी मामांच्या डब्याच डब्या, गोळ्यांची, बडीशेपेची, पिनांची. तेवढ्यात भिंतीपलीकडून टकटक झाली.

"कोण हाय आत?"

मामींचा डावा हात गोधडीतून निघाला, फळीपर्यंत जाता जाता थकला आणि खाली पडला. पलीकडं मामा बराच वेळ थांबले. मग ठोकळा मांडणीवर ठेवल्याचा आवाज आला.

आपणच फळी वाजवावी असं वाटलं, हातही उचलला. पण ते उत्तर द्यायचा हक्क माझा नव्हता. मी खिचडी भरवली.

सायली डबीविनाच गेली. त्यानंतर माझे कान सारखे तिकडंच. एका दुपारी मी अंगणात पापड वाळत घालत होते. टकटक. "कोण हाय आत?"

आणि आतून, अगदी हळू, टक.

मामांनी करवत सुरू केली नाही. ठोकळा मांडीवर घेऊन, फळीला गाल लावून ते बसून राहिले.

"हाय का," म्हणाले. "लई येळ झोपलीस गं."