तळातला रंग

"थंडी पडायच्या आत घर पिवळं नाही केलं, तर नाव गुडरुन नाही!"

ही घोषणा गुडरुनबाईंनी मच्छीच्या दुकानात, भर गर्दीत, हातातला कॉड मासा तलवारीसारखा परजत केली. मासा परजायची गरज नव्हती. पण बाई पेटल्या होत्या!

लिल्लेसुंड गावच्या धक्क्यावरची लाकडी घरं म्हणजे नवी कवळी. सगळी एका ओळीत, सगळी पांढरीफटक. आणि बाईंचा नवरा तोरलाइफ याची नजर अधू होत चाललेली. समुद्रात त्याचं काही अडत नसे, खडक तो वासावरून ओळखायचा. घोळ व्हायचा परतताना. धुकं पांढरं, घरं पांढरी! परवा तो दातांच्या डॉक्टर स्टेनसेनांच्या स्वयंपाकघरात शिरला, बूट काढले, पाहुण्यांसाठी ठेवलेला दालचिनीचा केक फस्त केला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "गुडरुन, केसांचं हे काय करून घेतलंस?"

संध्याकाळी ओस्लोहून मुलीचा फोन. "आई, पुन्हा असं झालं तर बाबांची होडी विकायची. बास!"

होडी गेली की हा माणूस खिडकीतल्या रोपासारखा बसल्या जागी वाळणार, हे बाईंना पक्कं ठाऊक. म्हणून पिवळं घर. लांबून ओरडून सांगेल असं!

पण आपल्याच घराला रंग लावायचा तर वारसा समितीला विचारावं लागतं. समिती म्हणजे उन्हाळ्यात सुट्टीला येऊन गावाचा इतिहास सांभाळणारी शहरी मंडळी. बाकी वर्षभर छपरावरचा बर्फ कोण ओढतं, ते त्यांच्या इतिहासात बसत नाही. अध्यक्ष अर्थातच केकवाले डॉक्टर.

"बाई, तुमचं घर शंभर वर्षं पांढरं आहे!"

"म्हणून काय झालं? तुमच्या पेशंटांचे दातही आधी पिवळेच असतात ना?"

डॉक्टर लालबुंद झाले. "भिंत खरवडून बघू! सगळ्यात तळाशी निघेल तो रंग लावायचा. अपवाद नाही!"

"सगळ्यांना हाच नियम?"

"अर्थात सगळ्यांना!" तळाशी पांढराच निघणार, याची त्यांना खात्री होती.

सगळ्यांसमोर पातं चाललं. पांढरा. पुन्हा पांढरा. मग करडा. मग शेवाळी. आणि त्याखाली, हळद लागलेल्या नवरीसारखा पिवळाधमक!

बाईंनी डॉक्टरांच्या हातातलं पातं हिसकावलं. "चला, आता तुमची भिंत!"

तळाशी पिवळा! शेजारच्यांचं घर? पिवळं. अख्खी ओळ पिवळी!

"निघणारच की," तोरलाइफ पाइप ठोकत म्हणाला. "पिवळ्या रंगाची पिंपं नेणारं जहाज आजोबांच्या वेळी समोरच्या खडकावर फुटलं होतं. त्या हिवाळ्यात गावातल्या कोंबड्यासुद्धा पिवळ्या होत्या."

"अरे, मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"मला कोणी विचारलं?"

डॉक्टर शब्दाला जागले, एवढं मात्र मानावं लागेल. शिड्या लागल्या, बादल्या खडखडल्या, सीगलसुद्धा पिवळ्या पायांनी फिरू लागले. ऑगस्ट संपता संपता फक्त बाईंचं घर उरलं. त्या ऐटीत शिडीवर चढल्या, ब्रश बुडवला आणि सहज वळून ओळीकडे बघितलं.

मक्याचं कणीस! या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे दाणे सारखे. त्यात आपलाही एक दाणा चिकटवला, की तोरलाइफ पुन्हा डॉक्टरांकडे!

बाई तशाच धावत सुटल्या. डॉक्टर दारातच होते, भुवयांपर्यंत पिवळे.

"डॉक्टर, माझं घर पांढरंच राहू द्या!"

"काय?" डॉक्टरांच्या हातून डबा निसटता निसटता राहिला. "कारण?"

"शंभर वर्षं पांढरं आहे की हो!"

"अपवाद ना..."

"अहो, द्या परवानगी!" आतून डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "नाहीतर तो पुन्हा इथं येऊन बूट काढेल!"

परवानगी मिळाली.

सप्टेंबरात धुकं उतरलं, लापशीसारखं घट्ट. बाई खिडकीशी जीव मुठीत धरून उभ्या. ओळखीची फटफट ऐकू आली, मंदावली. बाईंनी डोळे मिटले. आणि होडी ठक्कन आपल्याच धक्क्याला लागली!

तोरलाइफ आत आला, बूट काढले. आपल्या दारात.

"कसं रे सापडलं घर?" बाईंचा आवाज ओला झाला होता.

"सोपं होतं. सगळीकडे पिवळं पिवळं दिसत होतं. मधे एका ठिकाणी काहीच दिसेना, तिथं होडी घातली."

बाईंनी डोळे पुसले, कॉफी ओतली, सकाळपासून खपून केलेला केक पुढे ठेवला. तोरलाइफनं घास घेतला, बराच वेळ चावला.

"घर आपलंच बरं," तो म्हणाला. "केक मात्र त्यांचा."