नऊ मेंबर, दहा हात

भांडण मिटवणं हा वामनरावांच्या डाव्या हातचा मळ! "दिल्लीवाले मले बोलावत नाईत, मनून त्यायचे वाद लांबून राह्यले!" असं ते ओट्यावर बसून खुशाल सांगत. गावही ते ऐकून घेई. बांधाचे, बैलांचे, सुनांच्या रुसव्याचे कितीतरी तंटे त्यांनी खरंच मिटवले होते ना!

ग्रामपंचायतीतलं जोडसरकारही त्यांनीच जुळवलेलं. महाराष्ट्र राज्य नवं, जिल्हा परिषद त्याहून नवी, आणि गावाला राजकारणाची हौस मात्र जुनी. वरच्या अंगाला उकंडरावांचा गट, खालच्या अंगाला हिंमतरावांचा. ठरलं असं, की पहिली दोन वर्षं उकंडराव सरपंच, पुढली दोन हिंमतराव. दोन वर्षं सरली. उकंडराव म्हणाले, "खुर्ची आता कुठं आंगाले बसली!" हिंमतरावांनी तडक अविश्वासाचा ठराव टाकला.

मेंबर नऊ. चार इकडचे, चार तिकडचे, आणि मधोमध कडूबा.

कडूबा वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचा आणि डोक्यावर पाटी घेऊन अमडापूरच्या बाजारात विकायचा. मळ्याला पाणी उकंडरावांच्या विहिरीचं, पेरणीला बैल हिंमतरावांचे. त्यामुळे 'नाही' हा शब्द त्याला शिकायलाच मिळाला नव्हता. कुणी काहीही म्हणो, कडूबाचं उत्तर एकच, "हाव." याच गुणावर दोन्ही गटांनी त्याला मेंबर केलं होतं.

सरकार पडलं, तर चिखलीहून प्रशासक येऊन बसणार आणि वामनरावांच्या नावाला बट्टा लागणार. पण वामनरावांनी युक्ती काढली. अशी, की तिचं त्यांनाच कौतुक वाटलं.

"घाबरलेला मानूस बोलनी करत नाई, गुरगुरते," ते बायकोला, मनकर्णाबाईंना, म्हणाले. "ज्याले जिंकायची खात्री असते, तोच दिलदार होते. मनून दोघायलेही खात्री द्यायची!"

"अन् मंग?"

"मंग दोघंही दिलदार!"

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाहेर टाकला.

वामनराव आधी उकंडरावांकडे गेले. "कडूबाले महादेवापुढं बेलभंडार उचलायले लावा. मंग खुशाल झोपा." तिथून निघाले ते हिंमतरावांकडे. "कडूबाले मारुतीच्या पायावर हात ठेवायले लावा. मंग पाय पसरून झोपा." दोघांनीही त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले.

संध्याकाळी कडूबा धापा टाकत आला. "आबा, दोघंही बोलावून राह्यले, शपथ घ्यायले! काय करू?"

"जाय. दोन्हीकडं जाय."

"दोन्हीकडं?"

"अबे, मत द्यायची पाळीच येनार नाई! त्याच्या आधी मी दोघायले एका पंगतीत बसवतो. फक्त माह्यं नाव कोनाले सांगायचं नाई. घे आन."

"कशाची घेऊ?"

प्रश्न रास्त होता. पाणी दुसऱ्याचं, बैल तिसऱ्याचे, स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे होतं तरी काय? कडूबाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. त्याची बायको रुख्मिणी भरल्या दिवसांची होती. त्याआधीची दोन पोटातच गेली होती. "होनाऱ्या लेकराची आन," तो हळूच म्हणाला.

वामनरावांच्या काळजात जरासं टोचलं. पण मोठ्या कामात बारीकसारीक टोचायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. इतरांची घालून घालून हात बसला होता.

जी आन एकदा तोंडात बसली, तीच कडूबाने महादेवापुढे घेतली आणि तीच मारुतीपुढे. "तुमच्या बाजूनं हात वर करीन, होनाऱ्या लेकराची आन!" दोन्ही देवांनी ऐकलं. देव बिचारे बोलत नाहीत, म्हणून तर गावं चालतात!

आता दोघे दिलदार होतील म्हणून वामनराव बोलणी करायला गेले.

"बोलनी? कशाची बोलनी?" उकंडराव लोडाला टेकून म्हणाले. "माह्ये पाच पक्के हायेत!"

हिंमतराव तर आणखी पुढे गेलेले. "पाच माह्ये हायेत! तुमी एवढं सांगा, वाजंत्री चिखलीची सांगू का नांदुऱ्याची?"

नऊ मेंबरांच्या पंचायतीत दोघांचे पाच-पाच! दिलदार होण्याऐवजी दोघेही वाळलेल्या चामड्यासारखे कडक होऊन बसले होते. अविश्वासाची सभा उद्यावर आली, आणि तिकडे कडूबाने अन्न टाकलं.

वामनराव त्याच्या मळ्यात पोचले, तेव्हा तो वाफ्याच्या कडेला बसला होता आणि पाणी वाफा फोडून भलतीकडे चाललं होतं. रुख्मिणीला दोन्ही देवळांची बातमी लागली होती.

"आबा," ती म्हणाली, "याची दोन तोंडं होतीन, पन हात एकच वर होईन. एकीकडची आन तुटनारच. माह्यं हे तिसरं हाये जी."

तोवर वामनरावांना सरकार दिसत होतं, हाताची बेरीज दिसत होती. हे लेकरू कुणाच्या बेरजेतच नव्हतं! ते तसेच उठले आणि दोन्ही पुढाऱ्यांना, एकमेकांची चाहूल न लागू देता, मळ्यात घेऊन आले.

आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं, की ज्याने शपथ घातली, त्याने 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते. एक शब्द! खर्च नाही, कष्ट नाही. वामनरावांनी दोघांना वांग्यांच्या दोन बाजूंना उभं केलं आणि सगळं समजावून सांगितलं.

"हिंमतरावानं आधी म्हनावं," उकंडराव म्हणाले.

"मी आधी मनलं, तं कडूबा तुमचा झाला! मले येडा समजले का?" हिंमतराव.

"तं मंग दोघंही एका टायमाले म्हना," वामनराव म्हणाले. "मी तीन म्हनलं, की दोघायनं 'सुटली' म्हनायचं. कबूल?"

दोघांनी मान डोलावली. कडूबाने हात जोडले. रुख्मिणी पोटावर हात ठेवून उभी राहिली.

"एक... दोन... तीन!"

मळ्यात चिडीचूप! पाटाचं पाणी तेवढं वाहत राहिलं.

"तुमी काऊन नाई बोलले?" उकंडराव ओरडले.

"तुमी बोलले असते, की मी बोलनारच होतो!"

"मीबी तसाच थांबलो होतो!"

पुन्हा एकदा झालं. या खेपेला उकंडरावांनी नुसते ओठ हलवले आणि हिंमतरावांना नेमका खोकला आला! तिसऱ्यांदा वामनराव 'एक' म्हणणार, तोच रुख्मिणी पुढे आली.

"ऱ्हाऊ द्या जी. तुमाले हात पाह्यजे, आमाले लेकरू पाह्यजे. तुमचं आमचं जमनार नाई." मग ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुमाले दोन-दोन शपथा घ्यायले कोनं सांगतलं होतं हो?"

कडूबाने वामनरावांकडे पाहिलं. वामनराव वांगी पाहू लागले. वांगी छान धरली होती.

घरी येताना रस्ताभर ते स्वतःशी चिडत होते. जेवतानाही तेच! "एक शब्द, मनकर्णा! एवढ्या मोठ्या मानसायच्या तोंडून एक शब्द निघत नाई! थू त्या पुढारपनाले!"

मनकर्णाबाईंनी भाकरी वाढली. "एखांदा शब्द लई जड असते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चिखलीहून साहेब आले. पंचायतीबाहेर दोन्हीकडची माणसं गुलाल घेऊन उभी. साहेब म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत." चार हात वर गेले. मग सावकाश कडूबाचा. पाच! खिडकीतल्या कुणीतरी बाहेर खूण केली आणि हिंमतरावांच्या वाजंत्र्यांनी सनई फुंकली.

"ठरावाच्या विरुद्ध?" चार हात. आणि पुन्हा कडूबाचा. पाच! आता उकंडरावांच्या माणसांनी फटाके लावले. बाहेर एकाच वेळी दोघंही निवडून आले आणि गुलाल इतका उधळला, की कोण कुणाला मिठी मारतंय ते कुणालाच कळेना!

साहेबांनी मेंबर मोजले. नऊ. हात पुन्हा मोजले. दहा. "अहो, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

कडूबा उठून उभा राहिला. "साहेब, महादेवापुढं मनलं, हात वर करीन. केला. मारुतीपुढं मनलं, हात वर करीन. केला. दोघायची फेडली. आता तुमाले जे लिवायचं ते लिवा."

साहेबांनी घाम पुसला, कडूबाचं मत बाद केलं, चार विरुद्ध चार म्हणून ठराव फेटाळला आणि चहा न घेताच जीप गाठली.

सरकार वाचलं! उकंडरावांची खुर्ची राहिली. हिंमतरावांना कडूबाला शिवी देता येईना, कारण त्याने शब्द तर पाळला होता. आणि श्रेय कुणाला? अर्थात वामनरावांना! "आबाच्या डोक्याशिवाय असं कोनाले सुचन?" गाव म्हणू लागलं. वामनरावांनी नाही म्हटलं नाही. संध्याकाळी ओट्यावर माणसं दाटली. अमडापूरच्या सोसायटीचा तंटा मिटवायला त्यांना न्यायला दोघे खास आले होते.

तेवढ्यात कडूबा आला आणि पायरीपाशी उभा राहिला. वामनराव उठून त्याच्याजवळ गेले. "शाब्बास बे! दोन्ही आना फेडल्या!"

"आबा, तिसरी राह्यली."

"कोनती?"

"तुमची. तुमचं नाव सांगायचं नाई, ते." कडूबा खालच्या आवाजात म्हणाला. "गाव मले दोन तोंडाचं मांडूळ मनून राह्यलं. त्याचं काई नाई. पन रुख्मिणी बोलत नाई. इचारते, कोनं सांगतलं होतं? लेकराची आन हाये, तोंड उघडता येत नाई. तिले एकटीलेच सांगीन, आबा. एकडाव 'सुटली' म्हना."

मागे ओट्यावर माणसं वामनरावांची तारीफ करत होती. आत मनकर्णाबाईंच्या सुपाचा आवाज थांबला होता. वामनरावांना कडूबाची खरंच दया आली. एक शब्द तर होता! त्यांनी तोंड उघडलं. मनातल्या मनात एक म्हटलं, दोन म्हटलं.

तीनही झालं.

"कडूबा," ते म्हणाले, "चहा घेशीन ना?"

आणि कडूबा, नेहमीसारखाच, "हाव" म्हणाला.