पार्किंगमधली होडी

धर्माकाकांनी आमच्या सोसायटीत गाडीच्या जागेवर होडी उभी केली होती. नारळी पौर्णिमा जवळ आली की ते तिला निळा रंग लावत.

"काय काका, बघायला पाहुणे येणारेत?" कुणीतरी विचारायचंच.

"कुणी बघो नायतर न बघो. सण हाय."

अंधेरीच्या पश्चिमेला खाडीत भराव टाकून आमची इमारत उभी राहिली. होड्या लावायची जागा त्यात गेली आणि बदल्यात काकांना तळमजल्यावर एक खोली मिळाली. तेव्हा कुंपण नव्हतं. मोठ्या भरतीचं पाणी दारापर्यंत यायचं. त्याच पाण्यावरून त्यांनी होडी आणून ठेवली.

नळाला पाणी आलं की ते ओरडत, "भरती लागली रे!" रोज संध्याकाळी किनारा कुठवर सरकला ते बघून येत आणि मला सांगत, "शेट, तुमची मुंबई आज आणखी दोन डंपर पुढं गेली." मी हसायचो. भरावावरच्याच घरात राहत होतो, त्यामुळे ते हसू फार टिकायचं नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "धर्मा, ही जागा वाहनांसाठी आहे."

"मग हे काय कपाट हाय?"

पण माझ्या मारुतीचा नंबर लागला होता आणि दुसरी जागा शिल्लक नव्हती. होडी हलवायचं मीटिंगमध्ये ठरलं. हात वर करताना मी काकांकडे पाहिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "नेतो."

रविवारी आम्ही आठजण ढकलायला लागलो. इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये ती लांब होडी काही केल्या वळेना. घामाघूम होऊन मी म्हणालो, "कुंपणाची भिंत फोडू या."

"फोडून नेणार कुठं?" काका म्हणाले. भिंतीपलीकडे आणखी एक इमारत उभी होती.

शेवटी कापायचं ठरलं. सुतार आला. बाकीचे चहाला गेले. मला जाववेना आणि थांबवेनाही. काकांनी होडीची एक बाजू दोन्ही हातांनी धरली आणि मला पलीकडे उभं केलं. करवत लागताच फळी थरथरली.

"घट्ट धरा, शेट," ते हळूच म्हणाले. "लागेल तिला."