आत्याबाई, हजर

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. पण निवृत्त झाल्यावर, ज्या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात त्या वयात, मी कॉलेजात नाव घातलं आणि माहिती तंत्रज्ञानाची पदवी घेतली. तीही पहिल्या वर्गात!

आमच्या इमारतीखाली झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथे प्रोजेक्ट बांधून घ्यायला पोरापोरींची रांग लागते. रांगेतल्या माणसाला पळून जाता येत नाही, म्हणून मी तिथेच बसतो. त्या दिवशीही स्टूल ओढलं आणि म्हणालो, "शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे काय, ते मला विचारा."

"काका, कोणी विचारलेलं नाहीये," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय."

तर माझ्या जोडीला होती चिमणी. कॉलेजभर तिला हेच म्हणायचे; आवाज बारीक, आणि एका श्वासात अख्खा धडा म्हणायची. तिची नोकरी ठरून बसली होती, अट एकच: याच परीक्षेत पास व्हायचं. प्रोजेक्ट दोघांचा. म्हणजे तिची नोकरी माझ्या हातात, आणि माझ्या हाताला तेव्हा माऊससुद्धा धड सापडत नव्हता.

आम्ही बनवलं हजेरीचं यंत्र. दारावर कॅमेरा. तो तोंड बघणार, माणूस ओळखणार आणि खणखणीत आवाजात हजेरी पुकारणार. विभागप्रमुखांनी त्यात मेख मारली. म्हणाले, "पोरं हजेरी लावून मागच्या मागे सटकतात. एकदा हजर झालेला माणूस मास्तरांचं तोंड दिसल्याशिवाय बाहेर पडता कामा नये." म्हणून दाराला विजेचं कुलूप आलं, आणि आत एक, बाहेर एक असे दोन कॅमेरे.

आता यंत्राला तोंडं ओळखायला शिकवायचं तर फोटो हवेत, एकेकाचे ढीगभर. वर्गातल्या पोरांकडे मागितले. हजेरीचं यंत्र म्हटल्यावर सगळे असे गायब झाले, जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली होती. शेवटी घरचे अल्बम उपसले. काकू, मामा, आमचा कुत्रा, सगळं गणगोत यंत्रात कोंबलं. सर्वांत जास्त फोटो निघाले आत्याबाईंचे, कारण कुठल्याही समारंभात त्या फोटोग्राफरसमोरून हलत नाहीत. राहिले मास्तर. आमच्या घरात उठल्यापासून झोपेपर्यंत शिकवणारं माणूस एकच! बायकोचा फोटो घातला.

"आणि अनोळखी माणूस आला तर?" चिमणीने विचारलं.

"यंत्र म्हणेल, ओळखत नाही."

"तसं म्हणायला आपण शिकवलंच नाहीये. त्याला जेवढी माणसं माहीत, त्यांच्यातलंच कोणीतरी ते ठरवणार."

"परीक्षेला आपण दोघंच समोर उभे राहू. परीक्षक लांबून बघतील."

परीक्षक लांबून बघणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या कॉलेजातून आलेले. मिशा इतक्या लांब, की दोन्ही टोकांना मोजे वाळत घालावेत. ते तडक दारातून आत आले. कॅमेरा लुकलुकला आणि आवाज आला, "आत्याबाई, हजर."

मागे दार खट्कन बंद झालं.

चिमणी पाणी पीत होती. ते पाणी पुन्हा बाटलीत गेलं.

"हे कोणाला म्हणालं?" परीक्षकांनी विचारलं.

"आपल्या आधी कोणीतरी आलं असेल, सर."

"माझ्या आधी इथे कोणीच आलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि आतल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. "आत्याबाई, हजर." रुमालाने मिशा झाकल्या. "आत्याबाई, हजर." आवाज आता जास्तच खात्रीचा वाटत होता. विभागप्रमुख घाईघाईने पुढे आले. "साहेब, तुम्ही बाजूला व्हा, मी दाखवतो."

"आमचा कुत्रा, हजर," यंत्र म्हणालं.

"हे मात्र सुधारायला नको," परीक्षक म्हणाले आणि दाराकडे वळले. दार ढिम्म हललं नाही.

"सर, मास्तर आल्याशिवाय ते उघडणार नाही."

"कुठे आहेत मास्तर?"

"घरी. कपडे वाळत घालतायत."

"बोलवा. मला अजून एका कॉलेजात जायचंय. आणि तुम्हा दोघांना नापास करायला हे दार उघडावं लागत नाही, एवढं लक्षात ठेवा."

चिमणी रडकुंडीला आली. मी फोन लावला. बायको अशी सुसाट निघाली, की रस्त्यातले सिग्नल तिला बघून आपोआप हिरवे झाले. आली, पदर खोचला आणि बाहेरच्या कॅमेऱ्याकडे एकदाच बघितलं. "मास्तर, हजर." फक्त तेवढंच दार नाही, अख्ख्या कॉलेजाची दारं उघडली. कपाटं उघडली. प्राचार्यांचं कपाट गेली कित्येक वर्षं अडकलेलं होतं, तेही उघडलं. परीक्षकांचे डोळे पाणावले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तिथल्या तिथे मला पहिला वर्ग...

"कोणाला दिला पहिला वर्ग?"

रांगेतूनच आवाज आला. मागे बायको उभी होती. हातात तिच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टचे कागद.

"काकू," दुकानदार म्हणाला, "काका सांगतायत, दार तुम्ही उघडलंत."

"मी कशी उघडणार? मी आत होते. चिमणीच्या जोडीला मी. पदवी माझी. कपडे वाळत घालत होते ते हे."

"तपशील थोडा इकडेतिकडे होतो," मी म्हणालो.

"आणि मास्तर मी यांनाच केलं होतं, दिवसभर शिकवत असतात म्हणून. लग्नातला फोटो घातला होता. हे आले, छाती काढून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले."

"मग उघडलं दार?" रांगेतल्या मुलीने विचारलं.

"कुठलं उघडतंय! यंत्र म्हणालं, 'सासूबाई, हजर.' आता म्हातारपणी हे हुबेहूब आईवर गेलेत ना. शेवटी सुताराने येऊन बिजागऱ्या काढल्या. तोवर परीक्षक हसून हसून खुर्चीत बसले होते, म्हणून आम्ही दोघी पास झालो. का हसत होते, विचार यांना. हे बाहेर उभे राहून यंत्राला हात जोडून समजावत होते, 'अहो, मी सासूबाई नाही, मी त्यांचा मुलगा.'"