कापडाची दुसरी बाजू

धाकट्याची नोकरी लोकांना माहिती सांगायची होती, आणि घरात त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर विहिरीतून भरली बादली ओढावी तसे ओढावे लागत, ही त्याच्या आईची, म्हणजे मोठ्या आईंची, जुनी तक्रार. काम काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणे, "जनजागृती." स्वतः मात्र सकाळी तिसऱ्या हाकेशिवाय उठत नसे. "हा लोकांना जागं करणार आणि याला जागं मी करणार," मोठ्या आई सुनेला ऐकवत. "म्हणजे अर्धा पगार माझाच झाला की."

सून हसत नसे. तिच्या जिवाला घोर लागला होता. पर्यावरणाच्या कसल्याशा कामांसाठी सरकारने पैसे ठेवले होते आणि ते घ्यायला या, हे लोकांना सांगायचं काम धाकट्याच्या गळ्यात पडलं होतं. पण त्याच्या टेबलाकडे माशीसुद्धा फिरकत नव्हती. सभा घेतल्या तर खुर्च्या तेवढ्या वेळेवर हजर. महिनाअखेरपर्यंत एकही अर्ज आला नाही तर पैसे परत जाणार, टेबल बंद होणार आणि धाकट्याची रवानगी लांबच्या गोदामावर होणार, असं साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"पर्यावरण म्हणजे जंगल, वाघ आणि वितळणारा बर्फ," मोठ्या आईंनी निकाल दिला. "आपल्या गावात त्यातलं काय आहे? मग येणार कोण?"

मोठ्या आईंची डोकेदुखी वेगळी होती. घराच्या मागे एक तळं होतं. एके काळी त्यात मुलं पोहत. आता त्यात तुटक्या खुर्च्या, गाद्यांचा कापूस आणि कुणाकुणाच्या घरातलं नको ते सगळं पोहत होतं. डासांनी गल्लीत एक घर तापाशिवाय ठेवलं नव्हतं. मोठ्या आईंची नात पंधरा दिवस अंथरुणाला खिळून नुकतीच उठली होती, आणि अजून जिना चढली की धापा टाकायची. नातीचा तो श्वास ऐकला की मोठ्या आईंचा हात नकळत कमरेला पदर खोचायचा. भांडायला कुणीतरी हवं होतं.

अशात एका संध्याकाळी धाकटा अक्षरं छापलेलं भलंमोठं कापड खांद्यावर टाकून घरी आला. चौकात लावायचं होतं, पण शिडीवाला आला नव्हता, म्हणून रात्रीपुरतं घरी आणलं. सकाळी तो उठेपर्यंत मोठ्या आईंनी ते गच्चीवर अंथरून त्यावर गाद्या उन्हात घातल्या होत्या. अक्षरांची बाजू खाली. तिच्यावर काय लिहिलंय हे त्यांनी पाहिलं नाही, असं नाही. पाहिलं, वाचलं नाही. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचता यायचं, पण बोट फिरवत, ओठ हलवत. ते सुनेसमोर करण्यापेक्षा न वाचलेलं बरं.

"आई, ते कापड…"

"चांगलं आहे. जाड आहे. तुझ्या सरकारने जन्मात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं दिलं."

"नाही, ते चौकात…"

"चौकात काय कावळ्यांना छत घालायचंय? गाद्यांना ओल लागते ती दिसत नाही. डबा घे आणि नीघ."

धाकटा डबा घेऊन निघाला. असं आणखी दोनतीनदा झालं. प्रत्येक वेळी तो "आई, ते" पर्यंत पोचला आणि डबा घेऊन बाहेर पडला.

पुढे गल्लीची बैठक मोठ्या आईंच्या गच्चीवर भरली. बसायला तेच कापड. सगळी गल्ली त्यावर मांडी घालून बसली आणि तळ्याला सरकार एक पैसा देत नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरलं. मोर्चाला फलक हवा, तर मोठ्या आईंनी बसलेल्यांना उठवलं, कापड झटकलं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला कोऱ्या बाजूवर लिहायला बसवलं. शब्द त्यांचेच होते: "तळं मेलं, गल्ली मरते. सरकार झोपलंय की मेलंय?"

आदल्या रात्री जेवताना त्यांनी धाकट्याला बजावलं, "उद्या तुझ्या कचेरीवर येतेय. आईची लाज वाटली तर खिडकी लावून घे."

धाकट्याने घास हातातच ठेवला. "आई, तळ्यासाठी तर…"

"तळ्यासाठी तू काही करू नकोस. तू जेव."

मोर्चा निघाला. कापड धरायला नळवाला आणि दूधवाला, दोघे उंच म्हणून. मोठ्या आई सगळ्यांच्या पुढे. शिवणकाम करणारी शेजारीण कापडाच्या मागोमाग चालत होती. गल्लीत शाळा शेवटपर्यंत शिकलेली तीच. निम्म्या वाटेवर ती धावत पुढे आली.

"मोठ्या आई, कापडाच्या मागे पण काहीतरी लिहिलंय."

"मागचं वाचत बसू नकोस. मोर्चात पुढे बघून चालायचं असतं."

"पण ते तळ्याचंच…"

"तुलाच पुढारी व्हायचंय का? मग ये, मी मागे जाते."

शेजारीण मागे गेली. मोठ्या आईंपुढे आजवर कुणाचं वाक्य पुरं झालं नव्हतं, तिचं तरी का व्हावं?

कचेरीच्या पायऱ्यांवर धाकट्याचे साहेब येऊन उभे राहिले. मोठ्या आईंनी त्यांना तापाची घरं सांगितली, नातीचा श्वास सांगितला, आणि सरकारी माणसाच्या कातडीचे जोडे केले तर किती टिकतील तेही सांगितलं. बोलणं इतकं रंगलं की आत शिपाईसुद्धा चहा ओतायचा थांबला. गर्दीत एक वार्ताहर होता. तो नळवाल्याला म्हणाला, उजेड तोंडावर येत नाहीये, जरा वळून उभे राहा. नळवाला वळला, दूधवाला वळला, आणि त्यांच्याबरोबर कापड वळलं.

साहेब कापडाकडे बघत राहिले. मग मोठ्याने वाचू लागले. "तुमच्या परिसरातील तळी, नाले आणि मोकळ्या जागांसाठी सरकारी निधी उपलब्ध आहे. आजच या आणि अर्ज करा."



"बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही विचारताय त्याचं उत्तर तुम्ही बरोबरच घेऊन आलात. पण हे कापड चौकात असायला हवं होतं. तुमच्याकडे कसं?"

मोठ्या आईंनी मान वळवून कापडाकडे पाहिलं. आता मात्र त्यांनी वाचलं, अख्ख्या गल्लीसमोर, बोट फिरवत, ओठ हलवत. "तळी" या शब्दाशी बोट थांबलं. कानशिलं तापली. ज्या कापडावर बसून सगळ्यांनी सरकारला शिव्या घातल्या, ते हेच.

साहेबांनी धाकट्याला खाली बोलावलं. "हे लावायची जबाबदारी तुमची होती ना?"

"हो साहेब. चूक माझी. राहून गेलं." धाकट्याचा आवाज स्पष्ट होता. आईकडे त्याने पाहिलंही नाही.

मोठ्या आईंनी ठरवलं असतं तर गप्प राहता आलं असतं. गप्प राहायची सवय नव्हती हे एक, आणि समोर गोदाम दिसत होतं हे दुसरं. पण त्याहून वाईट म्हणजे, आपला मुलगा आपल्यासाठी खोटं बोलतोय आणि ते त्याला इतकं सहज जमतंय, हे त्यांना सोसेना.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. त्यांचाच आवाज त्यांना ओळखू येईना. "त्याने लावायलाच आणलं होतं. मी गाद्यांखाली घातलं. तो सांगत होता, मी ऐकलं नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या आईंना वाटलं, तळं स्वच्छ असतं तर आत्ताच उडी मारता आली असती. आता तीही सोय नव्हती.

साहेबांनी पायऱ्यांखालची गर्दी पाहिली. खुर्च्यांच्या सभा त्यांना आठवल्या असाव्यात. ते धाकट्याला म्हणाले, "आता माणसं आलीच आहेत तर सांगा यांना."

आणि धाकटा बोलला. तळ्यातला गाळ काढायला पैसे आहेत, काठाला झाडं लावायला आहेत, कचऱ्याची गाडी फिरवायलाही आहेत, अर्ज गल्लीने मिळून करायचा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, दोनदा तर लोकांना हसवलंही. इतका वेळ तो सलग बोलू शकला याचं कारण एकच, मोठ्या आईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"एवढं बोलणारं माणूस घरात," शेजारीण त्यांच्या कानाशी म्हणाली, "आणि आम्हाला सांगायचात की मुका आहे."

अर्ज झाला. टेबल वाचलं. त्यावर कहर म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्या आईंचा फोटो आला, डोक्यावर कापडाची चांगली बाजू आणि खाली मजकूर: सरकारी निधीची माहिती घरोघर पोचवण्यासाठी महिलेने काढला अभिनव मोर्चा. इतर गल्ल्यांतले लोक पत्ता विचारत दारात येऊ लागले. प्रत्येक जण कौतुक करी, आणि प्रत्येक कौतुकाबरोबर मोठ्या आई मानेपर्यंत लाल होत. शिव्या त्यांनी जन्मभर झेलल्या आणि परतवल्या होत्या. न केलेल्या कामाची स्तुती कशी परतवायची ते कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटा आला. त्या गच्चीवर गाद्या उचलत होत्या, उघड्या जमिनीवरून. तो समोर उभा राहिला.

"आई, मला…"

"थांब. आधी माझं ऐक." मोठ्या आईंनी गादी खाली ठेवली आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माझं जे चुकलं ते मी चारचौघांत सांगितलंय, परत सांगणार नाही. पण एक चूक तुझी आहे. आई बोलत असली की लेकराने थांबावं, हे मी तुला शिकवलं, आणि तू गाढवासारखं ते शिकलास. उद्यापासून मी बोलत असले तरी मध्येच बोलायचं."

धाकट्याने तोंड उघडलं.

"उद्यापासून म्हटलं ना. आज माझं अजून संपलेलं नाही."